रोटी घाटाच्या अलीकडे

तुकोबांच्या पालखीसोबतची पंढरीची वारी. काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीचं गोल रिंगण, इंदापूर, अकलूज, वाखरी, शेवटी कळसाचं दर्शन. सगळं एकात एक मिसळून गेलंय. लख्ख आठवते ती वरवंड सोडल्यानंतरची दुपार.

आमची दिंडी किसननगरची. पत्ता ठाण्याचा, माणसं निम्म्याहून जास्त घाटावरची. निघायच्या आधी दोन महिने मासुंद्याला रोज पाच फेऱ्या मारल्या होत्या, पण तळ्याकाठची वाट वेगळी आणि सोलापूर रस्त्याचं डांबर वेगळं. त्यात यवतच्या मुक्कामी राहुटीत पाणी शिरलं, मोजे वाळले नाहीत आणि मी तसेच चढवले. ओल्या मोज्यात कातडी मऊ पडते, बारीक कच आत शिरते आणि चवडा सोलवटतो. विणेकरीबुवांचं एकच चाललेलं, "माऊली, वारी पायानं नाही, नामानं होते." त्या दुपारी ते ऐकून डोकं भणभणलं. देवा, क्षमा कर.

पाटसच्या अलीकडे दिंडी पुढे गेली, मी मागे राहिलो. एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून चहा वाटणं चाललं होतं. त्यातल्या एकाने माझी चाल पाहिली, हाताला धरून पोत्यावर बसवलं आणि पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. आधी कोमट पाण्याने धुतला, कोरडा केला. सुई काडीच्या जाळावर धरली, निवू दिली, फोडाच्या खालच्या कडेला दोन ठिकाणी टोचली आणि कापसाने अलगद दाबून पाणी काढलं. वरची कातडी सोलून काढायला मीच हात घातला, तर त्याने झटकला. "ती राहू द्या. तीच झाकण." मग बेटाडीन, गॉज, चिकटपट्टी. वर त्याने स्वतःचे कोरडे मोजे दिले.

गाव विचारलं. सुपे.

दिवाणी कोर्टात दरखास्ती चाळण्यात माझी हयात गेली, त्यामुळे सुपे म्हटलं की तोंडात तारीखच येते. १२ मे १८७५. बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांकडचे कर्जाचे कागद, खतं, रोखे ओढून काढले आणि जाळले. त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला. पुणे, सातारा, नगर, सोलापूर, चार जिल्ह्यांपुरता. न्यायमूर्ती रानडे म्हटलं की लोकांना हायकोर्ट आठवतं, पण ते १८९३ ला. त्याआधी या कायद्याखाली गावोगाव तंबू ठोकत, खालच्या कोर्टांची दप्तरं तपासत ते फिरले, रमाबाई सोबत. माझ्या लेखी खरे रानडे ते.

त्याला हिशेब सांगितला, चहाच्या पेल्यावर. समजा १०० रुपये उचलले, दर साल दर शेकडा २४. दोन वर्षांनी व्याज थकलं, १४८ चं नवं खत. आणखी दोन वर्षांनी २१९ चं. सहा वर्षं झाली की कागदावर ३२४. हा आकडा नुसता पाहून हुकूमनामा द्यायचा नाही, असं तो कायदा म्हणायचा. दोघांना समोर बसवून पहिल्या देवघेवीपासून उकलायचं. मुद्दलाचं खातं वेगळं, व्याजाचं वेगळं. मुद्दलात चढवलेलं व्याज बाहेर काढायचं, साधंच व्याज धरायचं. भरणा असेल तर आधी व्याजात, उरला तर मुद्दलात. इथे भरणा नाही, म्हणजे २४४. त्यातही व्याज मुद्दलाच्या वर गेलं तर मुद्दलाची दामदुप्पटच धरायची. राहिले २००.

घोडं अडायचं ते कुळाच्या, म्हणजे कर्जदाराच्या, "कबूल आहे"पाशी. पुढच्या पेरणीचं बी त्याच सावकाराकडून आणायचं असतं, मग कुळ सगळंच कबूल करतं. म्हणून आपले हक्क माहीत असून त्याने कबूल केलंय की नाही, हेही न्यायाधीशाने पाहायचं आणि कारण लिहून ठेवायचं. दप्तर तपासायचं ते यासाठी. नुसत्या निकालाची बेरीज बघून यातलं काही कळत नाही.

"आणि तुकोबांनी?" त्याने विचारलं, उत्तर माहीत असून. तुकोबांनी आपल्या वाटणीची खतं इंद्रायणीत बुडवली. सुप्यात जाळली. रानड्यांनी वाचली. तुकोबांच्या अभंगांवर जीव असलेला हा माणूस कागद बुडवू शकत नव्हता. हातात कायदा होता, तो ओळ न् ओळ लावत बसला.

तो हसला. "आमचं नवं-जुनं चालतं की. मार्चला गावच्या सोसायटीचं पीककर्ज थकतं. आठ दिवसांसाठी खासगीत उचलायचे, सोसायटीत भरायचे, नवं मंजूर झालं की खासगीचे फेडायचे. कागदावर थकबाकी नाही."

"आणि आठ दिवसांचं व्याज?"

"ते कुठल्या कागदावर असतंय, माऊली?"

त्याने पेला उचलून घेतला आणि पुढच्या वारकऱ्याकडे वळला. मी नाव विचारायचं राहिलं.

रोटी घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या. टाळ चढत्या लयीत, पाऊस पुन्हा सुरू, मी कोरड्या मोज्यांत. चढ कधी संपला कळलं नाही.

रात्री उंडवडीला सगळे आडवे झाल्यावर विणेकरीबुवा लंगडत माझ्या राहुटीत आले आणि हळूच म्हणाले, "माऊली, तुमच्याकडं सुई आहे का हो?"