ओल्या तापमापकाची मलमल

स्वयंचलित हवामान केंद्राच्या पडद्यावरचे आकडे खरे आणि काचेच्या तापमापकावरचे अंदाजे, असा समज पदवीच्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या मनात पक्का असतो. म्हणून हवामान-उपकरणांच्या प्रात्यक्षिकात मी दोन्हींच्या नोंदी शेजारी शेजारी घ्यायला लावते. त्या दिवशी स्टीव्हन्सन पेटीतला, म्हणजे उपकरणांना ऊन-पावसापासून वाचवणाऱ्या झडपांच्या पेटीतला, कोरडा तापमापक ३२ अंश सेल्सिअस दाखवत होता आणि ओला २७. ओल्याच्या फुग्यावर वाटीतल्या पाण्याने वातीवाटे भिजत राहणारी मलमल असते; बाष्पीभवनाने तो थंड होतो आणि हवा जितकी कोरडी, तितका दोघांतला फरक मोठा. कोष्टकावरून सापेक्ष आर्द्रता सुमारे ६७ टक्के निघाली. स्वयंचलित संवेदक मात्र ५० टक्क्यांच्या आसपास होता.

"मॅडम, ही नोंद खोडू का?" एकाने लगेच विचारले. मी ती तशीच ठेवायला सांगितली. केवळ नवे आहे म्हणून एका उपकरणाच्या बाजूने कौल देणे मला मान्य नाही, कारण आर्द्रतेचे इलेक्ट्रॉनिक संवेदकही धूळ आणि दीर्घकाळचा दमटपणा यांमुळे हळूहळू चुकू लागतात. म्हणून आम्ही पंख्याने हवा खेचणारा आर्द्रतामापक सावलीत टांगला. त्याचेही उत्तर ५० टक्क्यांजवळच आले, तेव्हा सगळे पुन्हा पेटीकडे वळले.

एका विद्यार्थिनीने ओल्या तापमापकाच्या फुग्यावरची मलमल चिमट्याने अलगद काढली. ती पिवळसर आणि पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती. बोटांत चुरगळताच तिच्यातून पांढरी भुकटी पडली. वाटीत ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचे पाणी भरले जात होते. त्यातले क्षार कापडावर साठत गेले, वात पुरेसे पाणी ओढेनाशी झाली, बाष्पीभवन मंदावले आणि त्यामुळे फुगा जितका थंड व्हायला हवा तितका होत नव्हता. नवी मलमल आणि वात लावून, स्वच्छ पाणी भरून पंधराएक मिनिटे थांबल्यावर ओला तापमापक २४ वर स्थिरावला. कोरडा ३२ वरच होता.

खरी चर्चा त्यानंतर रंगली. नोंदवहीची मागची पाने चाळली तेव्हा दोन्ही तापमापकांतला फरक आठवड्यागणिक कमी होत गेलेला दिसला, आणि एका गटाने तर त्याच नोंदींवरून हवा दमट होत चालल्याचा आलेखही काढला होता. स्वयंचलित केंद्राच्या त्याच काळातल्या नोंदींत मात्र अशी वाढ कुठेच नव्हती. जुने आकडे आम्ही बदलले नाहीत. शेऱ्याच्या रकान्यात मलमल बदलल्याची तारीख व वेळ लिहिली आणि आधीच्या आर्द्रतेच्या नोंदी संशयास्पद असल्याचे नमूद केले.

"पण जुन्या नोंदवहीत कुणी शेराच लिहिला नसेल तर?" त्याच विद्यार्थिनीने विचारले. अशा वेळी शेजारच्या केंद्रांच्या नोंदींशी तुलना करून, एकाच केंद्रात दिसणारी अचानक उडी किंवा संथ सरक शोधून काढावी लागते. पुढच्या प्रात्यक्षिकाला तेच काम हाती घ्यायचे ठरले.