संरक्षित लोकसंख्या: १,७३३

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, ओहायो आणि मिसिसिपी या नद्या जिथे मिळतात त्या चिंचोळ्या जमिनीवर केरो नावाचं गाव आहे. अख्ख्या राज्यात या संगमाइतकी सखल जागा दुसरी नाही. गावाभोवती मातीचे बांध आणि ओहायोच्या अंगाला काँक्रीटची भिंत. उत्तरेकडून येणारा रस्ता एका बोगद्यासारख्या वाटेतून आत शिरतो आणि तिथे एक अवाढव्य पोलादी दरवाजा टांगलेला आहे. पूर फारच चढला तर तो खाली सोडायचा, की गाव चारही बाजूंनी बंद.

मी मूळची सांगलीची. नदीची पातळी फुटांत ऐकत मोठी झाले. आयर्विन पुलापाशी ४० फूट झाले की आमच्याकडे इशारा पातळी. केरोच्या मापपट्टीवरही ४० फुटांपासूनच पूर धरतात. मी गेले त्या दिवशी सकाळी आकडा ५० च्या पुढे होता आणि पाणी अजून चढत होतं.

बांधाच्या पाझराची पाहणी हे माझं काम. पूर असताना आम्ही नदीकडे कमी आणि गावाकडच्या बाजूला जास्त बघतो. बांधाखाली वाळूचा थर असतो. नदीचा दाब पाण्याला त्या थरातून ढकलतो आणि ते आतल्या बाजूला जमिनीतून खदखदत वर येतं. याला सगळे सँड बॉईल म्हणतात. पाणी नितळ असेल तर वाहू द्यायचं. त्याबरोबर वाळू येऊ लागली की समजायचं, बांधाचा पाया पोखरला जातोय. अशा वेळी तोंड बुजवायचं नसतं, कारण बुजवलं तर ते शेजारून जमीन फोडून निघतं. भोवती पोत्यांचं कडं रचायचं आणि आत पाणी साठू द्यायचं. त्या पाण्याच्या वजनाने दाब तोलला गेला की वाळू येणं थांबतं.

माझ्याबरोबर गावातले एक सत्तरी ओलांडलेले कृष्णवर्णीय गृहस्थ होते. आयुष्य बार्जवर, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नावांवर काढलेले, आता पुरात बांधावर गस्त घालणारे. वाळू ओकणारी जागा त्यांनीच हेरली होती, एका मोकळ्या पटांगणाच्या कडेला, उंच गवतात. यंत्र लागलं नाही, नुसत्या आवाजावरून. दुपारपर्यंत आजूबाजूची माणसं जमली आणि हातोहात पोती पोचवू लागली.

कडं वर येत होतं तेवढ्या वेळात मी पाहणीचा तक्ता भरायला घेतला. त्यात एक रकाना असतो: बांधामुळे संरक्षित लोकसंख्या. मी २०२० च्या जनगणनेचा आकडा लिहिला, १,७३३. त्यांनी वाकून तो वाचला आणि म्हणाले, "माझ्या वडिलांच्या लहानपणी पंधरा हजार होतो आम्ही."

खरं आहे. १९२० मध्ये इथे १५,२०३ माणसं होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ साली, उत्तरेच्या सैन्याचे जनरल ग्रँट यांनी इथूनच मोहिमा सुरू केल्या. नंतर आगबोटी, रेल्वे आणि नदी ओलांडणाऱ्या फेरी, या सगळ्यांवर गाव पोसलं. १८८९ मध्ये ओहायोवर रेल्वेचा पूल झाला आणि फेरीचा धंदा बसू लागला. पुढे महामार्गही गावाला वळसा घालून गेला.

पण धंदा गेला एवढ्यानेच असं गाव रिकामं होत नाही, असं ते ठामपणे म्हणाले, आणि मलाही ते पटतं. १९६२ मध्ये इथे पोहण्याच्या तलावात कृष्णवर्णीयांना प्रवेश मिळावा म्हणून आंदोलन झालं. पुढच्या वर्षी तलावच बंद केला गेला. १९६७ मध्ये रॉबर्ट हंट हा सुट्टीवर आलेला तरुण कृष्णवर्णीय सैनिक पोलीस कोठडीत फासावर लटकलेला सापडला. ही आत्महत्या आहे, या पोलिसांच्या म्हणण्यावर त्याच्या समाजाचा विश्वास बसला नाही. दंगल उसळली, गोऱ्यांची सशस्त्र टोळकी रस्त्यावर आली. १९६९ पासून कृष्णवर्णीयांनी दुकानांवर बहिष्कार टाकला. मुख्य मागणी, आम्हालाही नोकऱ्या द्या. काही दुकानदारांनी त्यापेक्षा शटर ओढून घेणं पसंत केलं. पुढे रुग्णालय गेलं. २०१७ मध्ये सरकारी वसाहती राहण्यालायक नाहीत असं जाहीर झालं, त्या पाडल्या गेल्या आणि शेकडो रहिवाशांना दुसरीकडे घर शोधावं लागलं. २०१० ते २०२० या दशकात अलेक्झांडर काउंटीने, म्हणजे केरो ज्यात येतं त्या जिल्ह्याने, जवळपास ३६ टक्के माणसं गमावली. अख्ख्या देशात कुठल्याच काउंटीची एवढी घट झाली नाही. यातलं काहीही नदीने केलेलं नाही. १९३७ च्या महापुरातही गाव कोरडं होतं.

२०११ च्या मे महिन्यात पाणी ६१.७२ फुटांवर गेलं. गाव रिकामं करायचा हुकूम निघाला. २ मेच्या रात्री लष्कराच्या अभियंत्यांनी मिसिसिपीपलीकडच्या मिसूरी राज्यातला बर्ड्‌स पॉइंटचा बांध सुरुंगाने उडवला आणि सुमारे १,३०,००० एकर शेतजमिनीवर पाणी सोडलं. १९२७ च्या पुरानंतर त्यासाठीच राखलेला हा पट्टा. केरो वाचलं. पण त्या पट्ट्यात पिनहुक नावाची कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची छोटी वस्ती होती. दुसरीकडे कुणी जमीन विकत देईना म्हणून त्यांनी तिथे घेतलेली. ती कायमची उद्ध्वस्त झाली. हे सांगताना ते बराच वेळ थांबले. त्यांचे नातेवाईक होते तिथे. त्याच दिवसांत मिसूरीतल्या एका बड्या लोकप्रतिनिधीला कुणी विचारलं, शेतं बुडवायची की केरो? तो म्हणाला, केरो. नंतर त्याने माफी मागितली. तोवर गावाने ते ऐकलेलं होतं.

मला यात एक गोष्ट सहन होत नाही. आधी माणसांना राहणं अशक्य करायचं, आणि मग माणसं थोडी उरली म्हणून बांधावरचा खर्च परवडत नाही म्हणायचं. रकान्यातला आकडा निसर्गाने दिलेला नाही, तो निर्णयांनी घडलेला आहे. पिनहुकला तर तीसेकच माणसं होती; आकड्यांच्या तराजूत त्यांचं पारडं कधी खाली येणारच नव्हतं.

संध्याकाळी कड्यातलं पाणी नितळ झालं. अहवालात मी त्या पटांगणालगत बांधाच्या पायथ्याशी रिलीफ वेल, म्हणजे वाळू न आणता दाबाचं पाणी बाहेर काढणाऱ्या विहिरी, खणण्याची शिफारस केली आणि लोकसंख्येच्या आकड्याखाली हा सगळा इतिहास एका परिच्छेदात लिहिला. तांत्रिक अहवालात हे कशाला, असं वरिष्ठांनी विचारलं. मी सांगितलं, खर्चाला ज्या आकड्याने भागायचं तो द्यायचा असेल तर तो कसा झाला तेही द्यायला हवं. परिच्छेद अहवालात राहिला.