जर्मन पेटंटं, इंग्रजी भाषांतर आणि वरच्या मजल्यावरची खोली

चाकणच्या एका कंपनीत मी सात वर्षं क्वालिटी विभागात होते. मेकॅनिकल इंजिनिअर, हातात व्हर्निअर, समोर ड्रॉइंग. ते काम मला मनापासून आवडायचं. जीव थकायचा तो बाकीच्या सगळ्याने. मोठ्या हॉलमध्ये ओळीने टेबलं, सतत वाजणारे फोन, दिवसाला तीन-तीन मीटिंगा आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये पुन्हा गप्पा. घरी पोचल्यावर तासभर कुणाशी एक शब्दही बोलायची ताकद उरत नसे. आई म्हणायची, "अगं, जरा माणसांत मिसळायला शीक." काका म्हणायचे, लग्नानंतर होईल सगळं नीट. मला स्वतःत काही बिघडलंय असं वाटतच नव्हतं. एकटीने, शांतपणे, मन लावून करता येईल असं काम हवं होतं, आणि त्यावर घरही नीट चालायला हवं होतं.

आता मी मिरजेला घराच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत बसून जर्मन पेटंटांचं इंग्रजीत भाषांतर करते. तिथवर कशी पोचले ते सविस्तर लिहिते आहे, कारण माझ्यासारख्या स्वभावाची मुलं-मुली मला सारखं विचारतात आणि फोनवर मला ते नीट सांगता येत नाही.

सुरुवात ड्रॉइंगांवरूनच झाली. आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगांवर जर्मनमध्ये टिपा असायच्या. त्यांचा अर्थ कळावा म्हणून २०१४ साली पुण्यात बोट क्लब रोडवरच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला शनिवार-रविवारची बॅच धरली. ए१ आणि ए२ या सुरुवातीच्या पायऱ्या सहज पार पडल्या. व्याकरण मला यंत्रासारखं वाटलं. प्रत्येक भागाची जागा ठरलेली, आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी बसलं की सगळं खटकन जुळतं. ज्याला अभियांत्रिकी आवडते त्याला जर्मन आवडेलच, असं माझं ठाम मत आहे.

अडले ती २०१६ साली, बी१च्या परीक्षेत. त्या परीक्षेचे चार भाग असतात: वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. प्रत्येकात शंभरपैकी ६० गुण लागतात. संभाषणाला जोडीदार देतात. दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं, मग एकेकाने छोटं सादरीकरण करायचं, मग एकमेकांना प्रश्न विचारायचे. माझा जोडीदार भराभर बोलत गेला आणि मी नुसती मान डोलावत राहिले. तीन भाग सुटले, संभाषण राहिलं. सुदैवाने या परीक्षेत राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. पुढचे तीन महिने रोज रात्री गच्चीवर जाऊन मोठ्याने बोलायचे. एकटीच दोन्ही बाजू बोलायची. दुसऱ्या खेपेला सुटले. बी२ २०१७ मध्ये झालं, सी१ २०१९ मध्ये.

सी१ झालं की भाषांतरकार होता येतं, हा समज मात्र पार चुकीचा निघाला.

पेटंटाची भाषा हे वेगळंच शास्त्र आहे. पेटंटाच्या शेवटी दावे असतात. कायद्याने काय आपलं आणि काय दुसऱ्याचं हे त्या दाव्यांवर ठरतं. एक दावा म्हणजे एकच वाक्य, मग ते पाऊण पान का असेना. मध्ये ठरलेला शब्दप्रयोग येतो, 'दादुर्ख गेकेनत्साइख्नेट, दास', म्हणजे 'याचे वैशिष्ट्य असे की'. त्याच्या आधी जुनं, माहीत असलेलं. त्याच्या नंतर नवं. हा सांधा भाषांतरात सरकला तर शोधच सरकला.

हे शिकवणारा वर्ग मला सापडला नाही, म्हणून मी स्वतःच एक पद्धत बसवली. युरोपीय पेटंट कार्यालयाचा एस्पासनेट नावाचा संग्रह फुकट आहे. एकाच शोधासाठी वेगवेगळ्या देशांत केलेले अर्ज तिथे एका कुटुंबात दाखवतात. जर्मन अर्ज घ्यायचा, त्याच कुटुंबातला अमेरिकेतला इंग्रजी अर्ज न उघडता आपण भाषांतर करायचं, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून ताडून बघायचं. पेटंटांच्या वर्गीकरणातला एफ१६डी हा गट मी धरला. त्यात क्लच, कपलिंग आणि ब्रेक येतात. हे भाग मी रोज हाताळत होते, त्यामुळे लक्ष भाषेवर देता आलं. वर्षभर सकाळी साडेपाच ते सात हेच केलं. छापलेलं इंग्रजीही नेहमी चांगलं नसतं हेही तेव्हाच कळलं.

इथे कारखान्यातली सात वर्षं कामी आली. जर्मनमध्ये 'नूट' म्हणजे खाच, ज्यात चावी बसते ती. ही चावी म्हणजे शाफ्ट (फिरणारा दांडा) आणि त्यावरचं चाक एकमेकांत जखडणारी धातूची पट्टी. आपण ज्याला नट म्हणतो तो 'मुटर', आणि 'मुटर' म्हणजे आईसुद्धा. 'फेडर' म्हणजे स्प्रिंग, पण 'पासफेडर' म्हणजे शाफ्टवरची चावी. 'श्राउबं' म्हटलं की स्क्रू असेल किंवा बोल्ट असेल. पलीकडे नट आहे की भागातच आटे पाडलेत हे आकृतीत बघूनच ठरवावं लागतं. भाषा उत्तम येणारी, पण आटे कधी न पाहिलेली व्यक्ती इथे हमखास अडते. म्हणूनच मी कळकळीने सांगते: तुमच्याकडे आधीपासून एखादा विषय असेल, रसायन, औषधं, इलेक्ट्रॉनिक्स, काहीही, तर तो सोडून भाषेकडे जाऊ नका. तो बरोबर घेऊन जा.

मग कामं मागायला लागले. जर्मनीतल्या दोन भाषांतर एजन्सींनी उत्तरच दिलं नाही. तिसरीने कळवलं की इंग्रजी मातृभाषा असलेलेच भाषांतरकार घेतो. ते वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. चौथीने तीनशे शब्दांची चाचणी दिली. मी दोन दिवस खपून ती केली आणि नापास झाले. पण त्या चाचणीबरोबर तपासनिसाचे शेरे आले, आणि माझ्या मते माझं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

मूळ मजकुरात 'उमफासन' होतं, मी 'कन्सिस्टिंग ऑफ' लिहिलं होतं. शेरा असा होता: समजा दाव्यात लिहिलं की हे यंत्र अ, ब आणि क यांचंच बनलेलं आहे, तर प्रतिस्पर्धी त्यात एक ड जोडेल आणि दाव्यातून सुटेल. 'उमफासन'ला 'कम्प्राइझिंग' हवं, म्हणजे अ, ब, क आहेत, आणखी काही असलं तरी चालेल. 'बेश्टेएन आउस' असेल तिथेच 'कन्सिस्टिंग ऑफ'. एका क्रियापदापायी कुणाच्या तरी दहा वर्षांच्या मेहनतीला भोक पडलं असतं. मी तो शेरा छापून टेबलासमोर लावला. तो अजून तिथेच आहे.

शेरे दिल्याबद्दल आभार मानणारी मेल पाठवली आणि सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी मागितली. या वेळी जमलं. दरम्यान इथल्या एका एजन्सीची छोटी कामं करत होते. त्यांनी पैसे चार महिने अडकवले, तेव्हापासून नव्या माणसाचं पहिलं काम मोठं घ्यायचं नाही असा नियम केला.

या धंद्यात २०१५ सालचं आयएसओ १७१०० हे भाषांतर सेवेचं आंतरराष्ट्रीय मानक चालतं. त्याप्रमाणे भाषांतराची पदवी नसेल, पण दुसऱ्या विषयाची असेल तर पूर्णवेळ भाषांतराचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. कुठलीच पदवी नसेल तर पाच वर्षांचा. म्हणून २०१९ मध्ये नोकरी सोडताना दोन वर्षं ओढाताण होणार हे गृहीत धरूनच वर्षभराचा खर्च बाजूला काढून ठेवला होता. तो पुरा संपला.

पैशांचं स्पष्ट सांगते, कारण लोक नेमकं तेच टाळतात. पहिला दर शब्दाला तीन युरो सेंट मिळाला. आता सात मिळतात. दिवसाला दोन हजार शब्द नीट होतात, म्हणजे चांगल्या दिवशी १४० युरो. चाकणच्या शेवटच्या पगारापेक्षा हे बरंच जास्त आहे. पण सगळे दिवस चांगले नसतात. ऑगस्ट आणि डिसेंबर माझ्याकडे कोरडे जातात. रजा आपली, आजारपण आपलं. परदेशी ग्राहकाचं काम सेवेची निर्यात ठरतं. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केली असेल तर दरवर्षी एलयूटी नावाचं हमीपत्र भरलं की कर न लावता बिल देता येतं. हे पहिल्याच वर्षी सीएकडे बसून समजून घ्यावं. मी उशीर केला आणि मार्चअखेर रात्री जागवल्या.

यंत्रभाषांतराने दर खाली ओढलेत, हेही लपवणार नाही. बऱ्याच एजन्सी आता यंत्राचा मजकूर देतात आणि तो दुरुस्त करायला निम्मा दर सांगतात. सोप्या मजकुराला मी ते घेते, दाव्यांना घेत नाही. अर्ज दाखल होण्याआधीचा मजकूर तर कुठल्याही फुकट संकेतस्थळावर चिकटवायचाच नाही. युरोपात शोध अर्जाच्या तारखेआधी जाहीर झाला तर त्याचं नवेपण संपतं, आणि गुप्ततेच्या करारावर सही आपली असते.

एकटीने काम करणं म्हणजे कुणाशीच संबंध नसणं, असं मला आधी वाटायचं. पण त्या आयएसओ मानकात आणखी एक अट आहे: भाषांतर दुसऱ्या माणसाने मुळाशी ताडून तपासलंच पाहिजे. गेली पाच वर्षं माझं बहुतेक काम एकच तपासनीस वाचतात. त्यांचा आवाज मी ऐकलेला नाही. स्वल्पविरामांबद्दल त्या किती काटेकोर आहेत, 'प्रेफरेबली' कुठे गळलं की त्यांना लगेच दिसतं, हे मात्र मला नीट ठाऊक आहे. असा सहवास मला झेपतो. त्यात मी थकत नाही.

घरच्यांना समजवायला वेळ लागला. "घरीच असतेस ना," म्हणत शेजारी गॅस सिलिंडर घ्यायला सांगायचे, आत्या दुपारी गप्पांना यायची. आईनेच शेवटी जिन्याच्या दाराला कडी लावून घेतली आणि खालून सांगायला लागली, "ती कामावर आहे, चारनंतर या."

गेल्या महिन्यात एका गिअरबॉक्सचा मजकूर होता. बारा क्रमांकाच्या भागाला सगळीकडे 'वेले' म्हटलं होतं आणि एका परिच्छेदात मात्र 'आक्से'. वेले म्हणजे शाफ्ट, तो पीळ, म्हणजे फिरवणारा जोर, पुढे पोचवतो. आक्से नुसता भार पेलतो. दोन्ही शब्द आहेत तसे उतरवून मोकळं होता आलं असतं. मी तासभर तिसरी आकृती बघत बसले. बारावर चावीची खाच स्पष्ट काढलेली होती, म्हणजे तो पीळ नेणारच. भाषांतरात 'आक्से'चं 'अ‍ॅक्सल'च ठेवलं आणि समासात प्रश्न लिहून पाठवला. तिसऱ्या दिवशी म्युनिकहून पेटंट वकिलांचं उत्तर आलं: तुमचं बरोबर आहे, मूळ अर्जात चूक होती, ती दुरुस्त करतो आहोत.

मी ती मेल खाली नेऊन आईला वाचून दाखवली, मराठीत.