दाखला मागायला गेले तेव्हा

रविवारच्या उपासनेला जाणं बंद करून चौदा महिने झाले होते, तेव्हा मंडळीतून, म्हणजे आमच्या चर्चमधून, पहिला फोन आला. चर्चचा कारभार बघणाऱ्या पाळकीय समितीची निवडणूक तोंडावर होती. "ताई, तुमची वर्गणी थकलीय. मतदार यादीतून नाव जाईल," सेक्रेटरी म्हणाले. आई कशी आहे, तुम्ही दिसत का नाही, यातलं एक अक्षर नाही. फोन ठेवल्यावर मला चक्क हसू आलं.

आम्ही मूळचे नगरचे. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर असेल, आमच्या तोंडी नगरच. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ साली नगरला आले. आमचं घराणं त्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतलं. आजी मात्र माहेरची एस.पी.जी. या इंग्रजी मिशनवाली, म्हणजे अँग्लिकन, इंग्लंडच्या चर्चची. लग्न झालं आणि ती मिशनवाली झाली, पण गुडघे टेकून प्रार्थना करायची तिची सवय काही सुटली नाही. बाकीचे बाकावर बसून मान खाली घालायचे आणि ही एकटी जमिनीवर. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात वेगवेगळी चर्चं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि तिचं सासर-माहेर एकाच चर्चमध्ये आलं. आजोबा म्हणायचे, "मी बाक न बदलता चर्च बदललं."

त्यामुळे चर्च बदलणं म्हणजे विश्वास सोडणं, असं आमच्याकडे कुणी मानलं नाही. रेव्हरंड टिळकांनी, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, तरी काय केलं? १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं आणि १९१७ साली मिशन सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र बंधुसमाज काढला. आमच्या मंडळ्या त्यांची पदं अजून गातात. मिशन सोडलं म्हणून पदं कुणी टाकून दिली नाहीत.

माझं कारण टिळकांइतकं मोठं नव्हतं. कुणी विचारलं की मी सांगायचे, उपदेश रटाळ असतो. ते खोटं नव्हतं, पण तेवढ्यासाठी माणूस जन्माची मंडळी सोडत नाही. पुण्यातल्या आमच्या त्या चर्चमध्ये आवारातल्या जागेवरून दोन गट पडले होते आणि प्रकरण कोर्टात गेलं होतं. एक गट डावीकडच्या बाकांवर, दुसरा उजवीकडे. आम्ही नेहमी मागे, दाराजवळ बसायचो, कारण आईला पंखा लागतो. अशात आई घरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही तीन आठवडे हॉस्पिटलात होतो. भेटायला कुणीच आलं नाही. डावीकडच्यांना वाटलं आम्ही उजवीकडचे आणि उजवीकडच्यांना वाटलं आम्ही डावीकडचे. हे मला फार नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसत होतं की शेजारच्या खाटेवरच्या बाईंकडे त्यांचं भजनी मंडळ दर संध्याकाळी येतंय आणि आमची आई दाराकडे बघत पडून आहे.

तिथून आम्ही एका फेलोशिपमध्ये, म्हणजे कुठल्या जुन्या चर्चशी न जोडलेल्या स्वतंत्र मंडळीत, गेलो. ऑफिसातली मैत्रीण घेऊन गेली. दुकानांच्या वर हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कीबोर्ड आणि ड्रम. पहिल्याच रविवारी चार बायकांनी आईचा हात धरून प्रार्थना केली आणि दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला. तो दोन महिने चालला. त्या डब्यांविषयी मी कधी वाकडा शब्द बोलणार नाही.

पण वर्षभराने मी एक साधा प्रश्न विचारला. दशमांशाची, म्हणजे कमाईतल्या दहाव्या हिश्शाची, पाकिटं दर महिन्याला गोळा होतात, त्याचा हिशेब कोण बघतं? पास्टर हसले आणि म्हणाले, "सिस्टर, देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये." हे वाक्य बायबलातलं, म्हणून घरी येऊन मी ते जिथे आहे ते एकशे पाचवं स्तोत्र उघडलं. तिथे अब्राहाम, इसहाक आणि याकोब देशोदेशी भटकत असताना देवाने राजांना ताकीद दिली आहे. हिशेब विचारणाऱ्यांबद्दल तिथे काही नाही. महिनाभरात एक अख्खं कुटुंब व्हॉट्सॲप ग्रुपवरून नाहीसं झालं आणि त्यांचं नाव कुणी काढेना. मी एकीला विचारलं, तर ती इकडेतिकडे बघून म्हणाली, "नका विचारू."

आईचा प्रश्न निराळाच होता. "अगं, इथं मला माती कोण देणार?" फेलोशिपला कबरस्थान नव्हतं. लग्नाचंही तेच. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ सालचा. त्यात लग्न कुणी लावायचं हे ठरलेलं आहे आणि स्वतंत्र पास्टरना त्यासाठी सरकारी परवाना लागतो. आमच्या पास्टरांकडे तो नव्हता. म्हणून तिथली निम्मी घरं जुन्या मंडळीची वर्गणी गुपचूप भरत. लग्न आणि माती तिकडे, प्रार्थना इकडे. आपल्या लोकांत चर्च बदललेल्यांची मोजदाद करायची तर हे एक पाय इकडे, एक पाय तिकडेवाले कुठे धरायचे, देव जाणे.

तिसरी मंडळी सापडली ती रिक्षा चुकल्यामुळे. लहानशीच, साठेक घरांची. खरं सांगायचं तर उपदेश आमच्या जुन्या चर्चपेक्षाही रटाळ. पण दारात फळ्यावर कागद लावलेला होता: मागच्या महिन्याचं दानार्पण, विजेचं बिल, वॉचमनचा पगार, पाळकांचा पगार, एका विधवेला औषधासाठी दिलेली रक्कम (नाव न लिहिता). मी उपासनेआधी तो कागद दोनदा वाचला. माझ्या मुलाला तिथे तिसऱ्याच रविवारी शास्त्रपाठ, म्हणजे बायबलातला उतारा, वाचायला दिला. तो नबुखद्नेस्सर राजाच्या नावावर अडखळला, तर पुढच्या बाकावरच्या आजींनी मागे वळून खणखणीत आवाजात शब्द पुरा केला आणि तो पुढे वाचायला लागला.

वार्षिक सभा मी मुद्दाम बसून पाहिली. साऊंड सिस्टिम नवी घ्यायची की नाही यावर दोन तास भांडण झालं. घेऊ नका म्हणणारे काका मतदानात हरले आणि मोठ्याने "पैशाचा चुराडा" म्हणून खाली बसले. पुढच्या महिन्यात बघते तर नव्या स्पीकरच्या वायरी ओढत तेच काका शिडीवर उभे! भांडण होत नाही अशी मंडळी मला आता नकोच आहे. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेच्या मंडळीतही कुरकुर झालीच होती. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांना रोजच्या वाटपात वगळलं जात होतं. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, कुरकूर करणाऱ्यांना गप्प बसवलं नाही, लोकांनाच सात माणसं निवडायला सांगितली. निवडलेल्या सातांची नावं वाचा. सगळी ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूची माणसं वाटपावर बसवली, असंच मला ती नावं वाचून वाटतं.

आम्हाला सभासद व्हायचंय, असं मी पाळकसाहेबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते खूश होतील. त्यांनी विचारलं, "जुन्या पाळकांना भेटलात?"

"नाही."

"मग आधी तिथला सभासदत्वाचा दाखला आणा. आणि मनात काही असेल तर ते त्यांना सांगून या. आम्हाला सांगून उपयोग नाही." वर बायबलातला मत्तयाचा अठरावा अध्याय वाचायला सांगितला. भावाने अपराध केला तर आधी त्यालाच एकट्याला गाठून सांग, असं तिथे आहे. मी मनात चरफडले. दुसरीकडे आम्हाला हार घालून घेतलं असतं.

जुन्या मंडळीचं ऑफिस तसंच होतं. लोखंडी कपाट, रेक्झिन फाटलेली खुर्ची, भिंतीवर आजवरच्या पाळकांचे फोटो. पाळक बदलून नवे आले होते, त्यांना आम्ही माहीतच नव्हतो. सेक्रेटरी मात्र तेच, फोनवाले. मी अर्ज दिला, थकलेली वर्गणी भरली आणि पावती घेतली. त्यांनी रजिस्टर काढलं. एका पानावर माझ्या मुलाचा बाप्तिस्मा आणि दुसऱ्या रजिस्टरात बाबांची माती. अक्षर त्यांचंच.

"कारण काय लिहू?" त्यांनी विचारलं.

मग मी बोलले. तीन आठवड्यांचं हॉस्पिटल, दाराकडे बघणारी आई, चौदा महिन्यांनी आलेला वर्गणीचा फोन, सगळं. आवाज चढला असणार, कारण वॉचमन दारात येऊन उभा राहिला. सेक्रेटरींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. डावे-उजवे हा घोळ त्यांच्याकडूनच मला त्या दिवशी कळला. मग पेनाचं टोपण लावत ते म्हणाले, "आमची मंडळी मागच्या पावसाळ्यात गेली."

मी तिरसटपणे म्हटलं, "कुठे गेली? सगळे तर इथेच दिसतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला शब्दाचा दुसरा अर्थ लागला. त्यांची बायको. शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, तिने मला स्तोत्रं पाठ करायला लावली होती. ती आजारी होती हे मला माहीत नव्हतं, गेल्याचंही कळलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं कुणाला.

"तुम्ही मातीला दिसला नाहीत, तेव्हा वाटलं, राग असेल," ते म्हणाले.

काय बोलणार? मी बसून राहिले. त्यांनी वॉचमनला चहा सांगितला. चहा येईपर्यंत दाखला लिहून झाला: सदर कुटुंब आमच्या मंडळीचे सभासद असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. कारणाच्या रकान्यात 'राहते घर लांब असल्याने'. घर तर होतं तिथेच आहे. मी ते वाचलं आणि काही बोलले नाही.

दाखला आईला दाखवला. तिने चष्मा लावून शिक्का तेवढा नीट पाहिला. "आणि मातीचं विचारलंस का?"

नव्हतं विचारलं. पुढच्या शनिवारी परत गेले. सेक्रेटरींनी कबरस्थानाचं रजिस्टर उघडून माझ्यापुढे सरकवलं. बाबांच्या नोंदीशेजारी शिसपेन्सिलीने आईचं नाव आधीच लिहिलेलं होतं.