घोटा वाकतो का?

"तिचा घोटा वाकतो का?"

सकाळी मिसळ खाताना काकांनी एवढंच विचारलं. मी त्यांना एमी पर्डी या अमेरिकन खेळाडूचा व्हिडिओ दाखवत होतो. १९ व्या वर्षी मेनिंजायटिसमुळे (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) गुडघ्याखाली दोन्ही पाय गेले, तरी २०१४ ला सोची पॅरालिम्पिकमध्ये स्नोबोर्डवर, म्हणजे बर्फावरून घसरायच्या फळीवर, कांस्य. २०१८ ला रौप्य आणि परत एक कांस्य.

टेबलावरचे बाकीचे "काय जिद्द आहे!" म्हणून रश्श्याकडे वळले. खरं सांगायचं तर मीही तेवढ्यावरच थांबलो होतो.

काकांचा डावा पाय नकली आहे. रामकुंडाच्या पायऱ्या ते आडवे होऊन उतरतात, खेकड्यासारखे. घोटा वाकत नाही ना.

घरी येऊन शोधलं. पर्डीचंही तिथेच अडलं होतं! बर्फावर चालेल असा तयार पाय मिळेना, तेव्हा तिने पाय बनवणाऱ्यासोबत बसून स्वतःच जुळवाजुळव केली. लाकूड, रबर, गंजलेले बोल्ट, वर भडक गुलाबी चिकटपट्टी.

काकांना लगेच फोन लावला. सातपूरच्या एमआयडीसीत फिटर म्हणून जन्म गेलाय त्यांचा.

"गंजलेले?" ते हसले. मग जरा वेळ गप्प.

"रविवारी ये. येताना रबर बघ कुठे मिळतंय का."

आम्ही सगळे जिद्दीवरच का अडकतो?