भागाकार बरोबर, गाडी चूक

गाड्यांची छोटी मॉडेल करताना काळी गाडी करायची असली तरी मी बाटलीतला काळा रंग तसाच वापरत नाही. त्यात थोडा पांढरा घालते, कधी निळ्याचा एखादा थेंब. 1/24 प्रमाणातलं, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचं मॉडेल आपण साधारण अर्ध्या मीटरवरून बघतो. त्याला 24ने गुणलं, की खरी गाडी 12 मीटरवरून बघितल्यासारखं होतं. एवढ्या लांबून कुठलीच गाडी काळीकुट्ट दिसत नाही. मधली हवा आणि उजेड रंग जरा उतरवतात. निव्वळ काळं मॉडेल कितीही गुळगुळीत असो, बघताक्षणी खेळणं वाटतं.

नोकरीची सगळी वर्षं मी ड्रॉइंग ऑफिसमध्ये काढली. तिथे शतांश मिलिमीटरवरून वाद व्हायचे आणि ते व्हायलाच हवेत. गाड्या मात्र मी शाळेत असल्यापासून करते आहे, आणि या टेबलावर मापाला फार प्रामाणिक राहून चालत नाही. कुठे खोटं बोलायचं आणि किती, हे ठरवण्यातच निम्मं काम असतं.

दाराच्या फटीचंच घ्या. खऱ्या गाडीत दार आणि बॉडीमध्ये 4 मिलिमीटर फट धरली, तर 1/24मध्ये ती 0.17 मिलिमीटर होते. प्रायमर म्हणजे रंगाखालचा अस्तर-थर, रंग आणि वरचा पारदर्शक क्लिअर कोट मिळून 0.1 मिलिमीटरचा थर सहज बसतो. गंमत म्हणजे कारखान्यातून निघालेल्या खऱ्या गाडीवरही साधारण तेवढाच थर असतो. म्हणजे अख्ख्या गाडीला पुरणारी जाडी मी बोटाएवढ्या दारावर चढवते. प्रमाणात बघितलं तर तो अडीच मिलिमीटरचा लेप झाला. असा लेप मापातली फट बुजवूनच टाकणार. म्हणून रंगाआधी सगळ्या फटी टोकदार हत्याराने पुन्हा कोरायच्या, मापापेक्षा रुंद आणि चांगल्या खोल. रंग वाळला की त्यात पातळ केलेला गडद रंग सोडायचा. तो आपला आपण फटीतून पळतो, बघायला मजा येते. पांढऱ्या गाडीला इथे काळा वापरला तर ती व्यंगचित्रातली दिसते, करडा पुरतो.

मेटॅलिक रंगाचं तर विचारूच नका. खऱ्या गाडीच्या रंगातला 20 मायक्रॉनचा (0.02 मिलिमीटर) चमकीचा कण मॉडेलवर जवळपास अर्ध्या मिलिमीटरचा वाटतो. खऱ्या गाडीचा टच-अप रंग आणून मॉडेलवर मारणारे लोक आहेत. शेड शंभर टक्के बरोबर आणि गाडी लग्नाच्या पत्रिकेसारखी चमचमती!

माझा भाचा थ्रीडी प्रिंटरवाला. त्याला माझी ही पद्धत अडाणीपणाची वाटते. ‘मावशी, तू सगळं डोळ्यांच्या अंदाजाने का करतेस? खरा वायपर मोजू, 24ने भागू, छापू.’ छापले. 6 मिलिमीटरचा दांडा पाव मिलिमीटरचा झाला. छापताना भागाला लागणाऱ्या आधाराच्या काड्या तोडतानाच पहिला तुटला. दुसरा कसाबसा बसवला, तर हातभर अंतरावरून काच रिकामीच दिसत होती. शेवटी त्यानेच फाइल उघडून दांडा 0.4 केला. म्हणजे खऱ्या गाडीवर जवळजवळ 1 सेंटिमीटरचा सोटा. आता वायपर वायपरसारखा दिसतो. त्यावर तो काही बोलला नाही, आणि मीही टोमणा मारला नाही. फारसा.

पण काही ठिकाणी मी हट्टाने खरं तेच करते. इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगची वायर साधारण 8 मिलिमीटरची असते, 24ने भागून 0.33, आणि एवढ्या जाडीची वायर सहज हाताळता येते. आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन असेल तर वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून आठ वायरी आठ प्लगांना जातात आणि नववी वीज पुरवणाऱ्या कॉइलला. शेव्हरोलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ या व्ही-8 इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-8-4-3-6-5-7-2. मी वायरी त्याच क्रमाने लावते. बॉनेट बंद केल्यावर कोण बघणार, असं घरचे विचारतात. कोणी नाही.

माझ्या टेबलाखाली एक मोठा डबा आहे, ज्याला घरात सरळ ‘भंगार’ म्हणतात. त्यात उरलेले बंपर, जास्तीची चाकं, न वापरलेली इंजिनं. या भंगाराचं मूळ मॉडेलची किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचे संच, काढणाऱ्या अमेरिकन एएमटी कंपनीत आहे म्हणायला हरकत नाही. 1958मध्ये त्यांनी ‘थ्री इन वन’ किट काढली: एकाच खोक्यातून मूळ गाडी, कस्टम म्हणजे हौसेने रूप बदललेली गाडी किंवा रेसची गाडी, हवी ती करा. एक गाडी झाली की बाकीचे भाग शिल्लक, आणि शिल्लक भाग पुढच्या गाडीत. एक कुरकुर मात्र आहे. अमेरिकन किट बहुतेक 1/25, जपानी बहुतेक 1/24. फरक 4 टक्क्यांचा, पण 4.8 मीटरची गाडी एकात 192 मिलिमीटर आणि दुसऱ्यात 200 मिलिमीटर भरते. इंजिनांची अदलाबदल खपून जाते, सीट किंवा स्टिअरिंगचीही. बॉडी आणि चॅसिस (खालचा सांगाडा) मात्र एकमेकांशी जमवून घेत नाहीत.

सध्या टेबलावर 1949ची मर्क्युरी ही अमेरिकन गाडी आहे, 1/25 आणि तिचं छत उतरवायचं काम चालू आहे. कस्टमवाले याला चॉप म्हणतात. या जातीच्या कामात सॅम आणि जॉर्ज बॅरिस या कस्टमवाल्या भावांच्या वर्कशॉपमध्ये 1952मध्ये झालेली बॉब हिरोहाताची 1951ची मर्क्युरी अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. ऐकायला सोपं वाटतं: खिडक्यांमधल्या खांबांतून 4 मिलिमीटरचा तुकडा कापा, म्हणजे खऱ्या गाडीत 10 सेंटिमीटर, आणि छत खाली बसवा. बसत नाही. पुढचा खांब मागे झुकलेला, मागचा पुढे झुकलेला, बाजूचेही वर जाताना आत वळलेले. छत खाली आणलं की खांबांची खालची टोकं छतापासून दूर राहतात आणि छत चारी बाजूंनी आखूड पडतं. मग छताला आडवा छेद देऊन मध्ये प्लास्टिकची पट्टी घालायची, नाहीतर पुढचा खांब तळाशी कापून आणखी मागे झुकवायचा. मी दोन्ही थोडं थोडं करते. नुसतं झुकवलं तर काच झोपते, आणि नुसती पट्टी घातली तर छत सपाट पाटासारखं होतं. कापायच्या रेषा मास्किंग टेपवर आखायच्या आणि सगळ्यात बारीक दात्यांची करवत फक्त मागे ओढताना टेकवायची. पुढे दाबली की खांब गेला. जोड पक्का झाला की पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर. प्रायमरखाली लपलेला ओरखडा हमखास वर येतो, मग पुन्हा पुट्टी. याविषयी लिहिण्यासारखं काही नाही, फक्त करत राहायचं.

किटमधली काच आता उपयोगाची नाही. ते पारदर्शक प्लास्टिक ठिसूळ असतं, कापताना तडकतं. अ‍ॅसिटेटच्या पातळ पारदर्शक पत्र्यातून नवी काच कापीन आणि लाकडाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवीन. सुपरग्लू जवळसुद्धा आणायचा नाही, त्याच्या वाफेने काचेवर पांढरं धुकं बसतं.

टायर मी प्रत्येक किटमधून आल्या आल्या वेगळ्या पिशवीत काढून ठेवते. टायरच्या मऊ व्हिनाइलमधलं प्लॅस्टिसायझर, म्हणजे ते मऊ ठेवणारं रसायन, हळूहळू बाहेर येतं आणि शेजारच्या प्लास्टिकला खातं. न उघडलेलं जुनं किट फोडावं, तर विंडस्क्रीनवर टायरची नक्षी वितळून उमटलेली.

दारांची हँडलं तासून टाकली आहेत. त्या काळचे कस्टमवालेही टाकायचे. आत सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा खटका, बसवून दार छुप्या बटणाने उघडायचे. भाच्याने विचारलं, ‘मग हिचं दार कसं उघडणार?’ या किटचं दार बॉडीसकट एकाच साच्यातून आलंय, ते उघडतच नाही. तरी दाराच्या खालच्या कडेला, आतल्या बाजूने, मी एक बटण लावलं आहे. अर्ध्या मिलिमीटरचं. प्रमाणात ते जरा मोठंच आहे.