'झनक झनक'च्या तबकड्या: चौथी मिळाली!

साखर पेठेत एका जुन्या घराची आवराआवर चालली होती. तिथून 'झनक झनक पायल बाजे' या चित्रपटाच्या गाण्यांची चौथी तबकडी हाती लागली. आणि ती नेमकी शीर्षकगीताची, उस्ताद अमीर खाँसाहेबांची! दोन वर्षं हिच्याच मागे होतो. कडेचा टवका उडालाय, पण गाण्याला धक्का नाही.

त्या घरात पूर्वी माग होते, त्यामुळे रेघांत सुताची धूळ घट्ट बसलेली. नव्या मंडळींसाठी पुन्हा सांगतो, ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी लाखेची. तिला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, साबणाचा एक थेंब आणि मऊ ब्रश. लेबल भिजू द्यायचं नाही. वाळवायची पंख्याखाली. आपल्या सोलापूरच्या उन्हात ठेवलीत तर वाकलीच म्हणून समजा.

आधीच्या तिन्ही तबकड्या मी एलपीच्या, म्हणजे नंतरच्या बारीक रेघांच्या तबकडीच्या सुईवर वाजवून कॉम्प्युटरवर उतरवल्या होत्या. ते चुकलंच. एलपीची सुई साधारण ०.७ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), ७८ला ३ थाऊची लागते. बारीक सुई रेघेच्या तळाशी घासत जाते आणि सगळा कचरा तिथंच असतो. या वेळी ३ची सुई लावली, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो केलं. निम्मी खरखर तिथंच गेली.

आणि मग खाँसाहेब! विलंबितात, म्हणजे संथ लयीत, तासभर रमणारा हा गवई इथं अडाणा रागात, चढ्या लयीत, तीन-साडेतीन मिनिटांत उभा राहतो. अडाणा उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात खेळणारा राग, त्यामुळे आवाज सारखा तार षड्जाकडे, वरच्या 'सा'कडे झेपावतो. कॉम्प्युटरवर खरखर काढायचा फिल्टर लावून पाहिला, तर तानेची धारच बोथट झाली, श्वासही गेला. फिल्टर काढून टाकला. खरखर राहू दे, गाणं जिवंत हवं.

संगीतकार वसंत देसाईंचं धाडस आता जास्त कळतं. प्रभात फिल्म कंपनीपासून दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंबरोबर असलेला हा माणूस १९५५ साली रंगीत नृत्यपटाचं शीर्षकगीतच ख्यालगायकाकडे सोपवतो, आणि लोक ते डोक्यावर घेतात. फिल्मफेअरचं सर्वोत्तम चित्रपटाचं पारितोषिक याच चित्रपटाला मिळालं. संगीताचं मात्र 'चोरी चोरी'साठी शंकर-जयकिशनना. 'चोरी चोरी' मलाही आवडतो, पण माझं मत देसाईंनाच.

तरुण शिवकुमार शर्मांचं संतूर मात्र या तबकड्यांवर शोधू नका. ते एका प्रसंगाच्या पार्श्वसंगीतात आहे, त्यासाठी चित्रपटच बघावा लागतो. मी तेवढा भाग चार वेळा मागं नेऊन ऐकला.

देसाई आपल्या गावाला तसे परके नाहीत. सोलापुरात जन्मलेल्या डॉ. कोटणीसांवरच्या १९४६च्या चित्रपटाचं संगीतही त्यांचंच. त्याची एकही तबकडी अजून मला गावात मिळालेली नाही, याची रुखरुख आहे.

पुढचं काम: पहिल्या तिन्ही नव्या सुईनं परत उतरवणं. लताबाई आणि हेमंतकुमारांचं 'नैन सो नैन' माझ्याकडं आहे, पण प्रत फार झिजलीय, ध्रुवपदाशी सुई उडते. कुणाकडे बरी प्रत असेल तर कळवा. बदल्यात 'गूँज उठी शहनाई'ची जादा तबकडी देतो, स्वच्छ धुतलेली.